हर्षद संख्या आणि देवळालीचे मास्तर

नायगांवच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असतां समोरून जाणाऱ्या डब्यांवरील आंकड्यांचे अवयव मनांतल्या मनांत पाडण्याची आम्हांस जुनी खोड आहे. दोहोंनीं, पांचांनीं भाग जातो कीं नाहीं हें शेवटच्या आंकड्यावरून कळतें. तिहींची कसोटी आंकड्यांच्या बेरजेनें लागते. सात आणि तेरा यांपाशीं घोटाळत असतां डबा निघून जातो. ही खोड ज्यांनीं जन्मभर जोपासली ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर याच लोहमार्गावर उत्तरेस, डहाणूस, १७ जानेवारी १९०५ रोजीं जन्मले.

वडील पेशानें कारकून, पण ज्योतिषाचा त्यांना मोठा नाद. तेव्हां घरीं आंकडेमोड नित्याचीच. ठाण्यास शाळा, पुण्यास फर्ग्युसन कॉलेज, १९२७ सालीं गणितांतील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ सालीं पदवी. एवढें होऊन स्वारी १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरच राहिली. १२१, १२३२१ अशा, ११ व १११ यांचे वर्ग असलेल्या संख्यांचा विचार त्यांस जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचला, म्हणून त्या घराण्यास त्यांनीं ‘डेम्लो’ हें नांव दिलें. फलाटावर गणित करणारे आम्हीच पहिले नव्हे, हें वाचून बरें वाटलें.

ज्या संख्येस तिच्याच आंकड्यांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें. प्रथमदर्शनीं हा पोरखेळ वाटतो. पण एकाहून अधिक आंकड्यांची कोणतीही मूळसंख्या हर्षद असूं शकत नाहीं. अशा संख्येच्या आंकड्यांची बेरीज तिच्याहून लहानच असते. ती भाजक निघाली कीं संख्या मूळ उरत नाहीं. बेरीज १ आली तरच सुटका. पण तशा संख्या १०, १००, १००० ह्याच, आणि त्या मूळ नाहींतच. त्या सोडल्या तर संख्या हर्षद निघतांच ती संयुक्त ठरते, आणि एक अवयवही पदरांत पडतो.

१७२९ घ्या. हार्डींच्या टॅक्सीचा हा क्रमांक रामानुजनांमुळें अजरामर झाला. फर्माच्या प्रमेयानुसार ‘प’ ही मूळसंख्या असेल, तर कोणत्याही पूर्णांकाच्या ‘प’व्या घातांतून तोच पूर्णांक वजा केला असतां बाकीस ‘प’नें भाग जातो. ही कसोटी लावावी, तर १७२९ हा लुच्चा तींतून सहीसलामत सुटतो. कोणताही पूर्णांक घ्या, भाग जातोच. आणि मास्तरांची कसोटी? १ + ७ + २ + ९ = १९; १९ × ९१ = १७२९; ९१ म्हणजे ७ × १३. चोर सांपडला!

विद्वज्जन मात्र अशा खेळांस नाक मुरडीत. खुद्द हार्डींनीं १९४० सालच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलजी’ या पुस्तकांत, ८७१२ ही २१७८ ची म्हणजे स्वतःच्याच उलट्या रूपाची चौपट आहे, असल्या गोष्टींत गणितज्ञास रस वाटण्याजोगें कांहीं नाहीं असें बजाविलें. आक्षेप पोकळ नाहीं. मनुष्य दहांऐवजीं बारांनीं मोजूं लागला असता तर १७२९ म्हणजे बारा ग्रोस व वर एक; ती १००१ अशी लिहिली गेली असती, बेरीज २ आली असती, आणि हर्ष मावळला असता! ७, १३ व १९ हे अवयव मात्र जागचे हलले नसते. शिवाय आपल्या दशमानांतही ९१ या कसोटीस सांपडत नाहीं. मूळसंख्या निश्चित ओळखणारी, आणि आंकडे वाढले तरी आवाक्यांत राहणारी रीत अगरवाल, कयाल व सक्सेना यांनीं २००२ सालीं कानपुरास दिली. ती फर्माच्याच वाटेनें.

तरीही आमचें मत कापरेकरांच्या बाजूला झुकतें. पाटी हातांत घेतलेल्या मुलास संख्येला अंतरंग असतें हें दाखवावयाचें, तर बेरीज आणि भागाकार यांखेरीज त्याच्यापाशीं असतें काय? निवृत्तीनंतर शिकवण्या करणाऱ्या या मास्तरांचें नांव जगांत पसरलें तें मार्टिन गार्डनर यांनीं मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्यें त्यांच्यावर लिहिल्यानंतर, १९८६ सालीं ते वारले.

त्यांची ६१७४ ही संख्या आतां सर्वतोमुखीं आहे. चारही आंकडे एकच नाहींत अशी कोणतीही चार आंकडी संख्या घ्यावी, आंकडे उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि पुन्हां पुन्हां तेंच करावें. फार तर सात खेपांत ६१७४ हातीं येते. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं ती मांडली. तिच्या आंकड्यांची बेरीज १८. अठरांनीं भागिलें असतां येतात ३४३, म्हणजे सातांचा घन. तीही हर्षदच.