डीपीवर भाजलेल्या हाताचा मागोवा

विजेने भाजलेला हात बाहेरून फसवतो. तळहातावर एक काळपट खळगा, पायाच्या अंगठ्याजवळ दुसरा, मधली कातडी जवळजवळ धड. घरचे म्हणतात, थोडक्यात निभावलं. चार महिन्यांनी त्याच हाताची करंगळी आत वळलेली असते, बोटं सुन्न असतात, सदऱ्याची गुंडी लागत नाही. लोक म्हणतात, नस मेली.

विजेचं आणि नसेचं नातं प्रथम दिसलं ते बेडकाच्या तंगडीत. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने १७९१ मध्ये ते प्रयोग छापले. विजेने माणूस मेल्याची सुरुवातीची नोंद १८७९ ची, फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका सुताराची. १८८१ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी रक्तपुरवठा तुटल्याने आखडलेल्या हाताचं वर्णन केलं. दहा वर्षांनी लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर थ्री फेज वीज नेऊन दाखवली गेली. आपल्या मोटारीला लागणारी लाईट तीच.

मराठवाड्याच्या शिवारात ती उशिरा पोचली. निजामी राजवट १९४८ ला संपली, वीज मंडळ १९६० चं, परळीचं औष्णिक केंद्र १९७१ चं. लगेच ७२ चा दुष्काळ पडला. विहिरी खोल गेल्या, पुढे बोअर आले, मोट जाऊन मोटार आली. एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, जोडण्या वाढत गेल्या. भार वाढला की फ्यूज उडतो. वायरमनकडे अनेक गावं. लाईटची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. ऊस वाळत असताना मध्यरात्री चिखलात उभा राहून, बॅटरी तोंडात धरून, फ्यूजच्या किटकॅटला तांब्याची तार गुंडाळणारा शेतकरी हौसेने तिथे जात नाही. त्याला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तार हातात आली की मूठ उघडत नाही. एसी करंटने हाताचे सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात. हाडाचा विरोध जास्त, म्हणून ते तापतं आणि लगतचं मांस आतून भाजतं. मग कोपरापासून मनगटापर्यंत सूज चढते. स्नायूंवरचं चिवट वेष्टण ताणलं जात नाही, आतला दाब वाढतो, नसेचा रक्तपुरवठा तुटतो. विजेने अर्धी वाचलेली नस या दाबाने मरते. हा दाब सोडवायला ते वेष्टण लांब चिरून मोकळं करतात. शस्त्रक्रिया जुनी आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. लागतात ते पहिले काही तास. नस पुन्हा वाढलीच तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कोपरापासून बोटांपर्यंत वर्ष जातं.

ते तास मराठवाड्याने रस्त्यावर घालवले. तेव्हाच्या औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं २००२ चं. म्हणजे मोटारी आल्यानंतर कितीतरी वर्षं मुखेड किंवा निलंग्याच्या जखमीला जिल्ह्याच्या गावी असं महाविद्यालयाचं रुग्णालयच नव्हतं. आज अंतर कमी झालंय, पण कातडी बरी दिसते म्हणून सकाळपर्यंत थांबणं सुटलेलं नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. हाताच्या दृष्टीने हाच खरा उपाय आहे, आणि तो गावोगाव पोचायलाच हवा.

तोवर एवढं करा. शॉक लागलेल्याला ओढण्याआधी लाईट बंद करा. पुढचा हात दगडासारखा टणक लागत असेल, बोटं सरळ करताना जखमी कळवळत असेल किंवा बोटांना स्पर्श कळत नसेल, तर मलम लावून घरी ठेवू नका. त्याच रात्री नांदेड किंवा लातूर गाठा. हात निकामी झालाच, तर नसांची तपासणी करून अपंगत्वाचा दाखला घ्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात, आणि विजेचा धक्का त्यात बसतो.