बार्शी लाईट रेल्वे आणि हौशी रेल्वेप्रेमींचे वारसा-जतन

प्रस्तावना :
वाफेच्या इंजिनांचे जतन हे केवळ शासनाचे व संग्रहालयांचे कार्य होय, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः या जतनास सामान्य हौशी माणसाचा आधार मोठ्या प्रमाणावर लाभला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाईट रेल्वेच्या संदर्भात या मुद्द्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बार्शी मार्गाची जडणघडण :
मुंबई-मद्रास हा मुख्य लोहमार्ग बार्शीच्या बाजारपेठेपासून दूर राहिला होता. ही उणीव भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९५ मध्ये कंपनी स्थापन केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. प्रत्येक आसावरील भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवून हलक्या रुळांवरून अवजड मालवाहतूक करणे, हे त्याचे तांत्रिक वैशिष्ट्य होते. पुढे हा मार्ग पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) व मिरज (१९२७) येथपर्यंत पोहोचला. कापसाच्या व्यापाऱ्याप्रमाणेच वारकऱ्यांनाही तो आपला वाटला. १९५४ मध्ये शासनाने तो ताब्यात घेतला.

रुंदीकरण व वारशाचा प्रश्न :
एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यानंतर लगेचच या मार्गाचे टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. लातूरकडील मार्ग वळवल्यामुळे धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेने जोडले गेले. ही सोय जनतेच्या हिताचीच होती. तिला विरोध करून वारसा टिकवणे न्याय्य ठरले नसते. मात्र प्रवाशाची सोय साधताना थोड्या अंतराचा का होईना, जुना मार्ग पर्यटनासाठी राखण्याची मागणी करणारा संघटित लोकवर्ग येथे प्रभावी ठरला नाही.

तुलनात्मक विचार :
कॅलथ्रॉप यांनीच इंग्लंडमध्ये उभारलेला लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्ग १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडला. त्याची इंजिने भंगारात गेली व मार्गाची पायवाट झाली. याउलट वेल्समधील टॅलिलिन रेल्वे मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडण्याच्या बेतात असताना १९५० मध्ये बर्मिंगहॅम येथे सभा भरली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांनी ती चालवली. सभासद-वर्गणी, तिकीट आणि सुटीतील श्रमदान या साध्या साधनांवर ती तगली. दोन्ही मार्गांच्या भवितव्यात फरक पडला तो प्रामुख्याने हौशी माणसांच्या संघटित सहभागामुळे.

भारतात १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९९७ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा धावले. पुण्यात १९९८ मध्ये खाजगी छंदातून लघुरेल्वे संग्रहालय उभे राहिले. १९०७ च्या नेरळ-माथेरान मार्गावरील वाफेची इंजिने १९८२ मध्ये थांबली; तथापि हौसेने तिकीट काढणाऱ्या प्रवाशांमुळे त्या मार्गाचे प्रयोजन टिकून राहिले.

समारोप :
बार्शीची छोटी गाडी परत येणार नाही. परंतु घरोघरी पडून असलेली छायाचित्रे, तिकिटे, वेळापत्रके आणि निवृत्त कामगारांच्या आठवणी अद्याप संकलित करता येतील. हे काम तज्ज्ञांवाचूनही सुरू होऊ शकते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हौशी रेल्वेप्रेमींच्या साहाय्याने ते हाती घ्यावे. कामगारांची ती पिढी वयोवृद्ध झाली असल्याने या कार्यात विलंब परवडणारा नाही.