पाकिटावरचा पत्ता

माझ्या लहानपणी घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. सुई फिरवताना मध्येच परक्या माणसांचं बोलणं कानावर पडे आणि चोरून ऐकल्याची गंमत वाटे. अमेरिकेत याच गमतीचा मोठा छंद झाला. आता तो हळूहळू मुका होतो आहे.

एप्रिल १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून नियमित हुकूम द्यायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात तर कित्येक घरगुती रेडिओंवर पोलिसांचा वेगळा पट्टाच असे. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार वीजी गाडीत पोलिसांचा रेडिओ ठेवी. कधी कधी तो पोलिसांच्याही आधी घटनास्थळी पोचे, असं सांगतात. पुढे स्कॅनर आला. एकामागून एक वाहिन्या चाळायच्या आणि बोलणं सापडलं की थांबायचं, हे त्याचं काम.

मग मोजक्या वाहिन्या सर्वांनी वाटून घ्यायची पद्धत आली. कुणी बटण दाबलं, की एक नियंत्रण-वाहिनी सांगते, 'अमक्या गटानं तमक्या वाहिनीवर जावं.' हा संकेत म्हणजे पाकिटावरचा पत्ता, आणि बोलणं म्हणजे आतली चिठ्ठी. स्कॅनर पत्ता वाचूनच संभाषणाचा माग काढतो.

अमेरिकेच्या 'प्रोजेक्ट २५' या डिजिटल पद्धतीत चिठ्ठीला कुलूप लावता येतं, पण पत्ता बहुधा उघडाच राहिला. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की शब्द कळले नाहीत तरी कोणता संच बोलतोय हे कळतं. इतकंच नव्हे, गप्प असलेल्या संचालाही नकळत उत्तर द्यायला लावून त्याचा ठावठिकाणा काढता येतो.

युरोपात १९९० च्या दशकात आलेल्या 'टेट्रा' पद्धतीत पत्ताही झाकायची सोय होती. तो झाकला, की स्कॅनरची पंचाईत! हवेत काहीतरी चाललंय एवढंच कळतं. कोण, कुणाशी, हे नाही. तिची कुलपं कशी घडवली आहेत, हे मात्र अनेक वर्षं गुप्त होतं. २०२३ मध्ये तीन डच संशोधकांनी ते उघड केलं. एका कुलपाची ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांचीच निघाली, साध्या संगणकाला काही मिनिटांत सापडेल अशी. पत्ता झाकायची रीतही कच्चीच ठरली. मग त्याच वर्षी युरोपच्या प्रमाणसंस्थेनं ही गणितं खुली करायचं ठरवलं.

२०२३ मध्येच न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ब्रुकलिनपासून आपलं बोलणं झाकायला सुरुवात केली. गुन्हेगारानं पोलिसांचा बेत ऐकू नये, जखमी माणसाचं नाव चव्हाट्यावर येऊ नये, हे मला पटतं. पण त्याच लहरींवर कान ठेवून बातमीदार घटनास्थळी पोचत आणि डोळ्यांनी पाहिलेलं छापत. आता पोलीस सांगतील तेव्हा आणि तेवढंच त्यांना कळणार. कुलूप हवंच, पण त्याची किल्ली कुणाकुणाकडे असावी, हे एकट्या पोलिसांनी ठरवू नये, असं मला वाटतं.