थायलंडच्या बुद्धमूर्ती : प्रांताप्रांताची घडण

थायलंडमधील प्राचीन वास्तू आणि मूर्तींची देखभाल करणाऱ्या ललितकला खात्याच्या बोधचिन्हावर गणपती आहे. तिथे त्याला ‘फ्रा फिकनेत’ म्हणतात. या खात्याच्या परवानगीशिवाय जुनी बुद्धमूर्ती देशाबाहेर नेता येत नाही. बाप्पाच्या निमित्ताने आज आपण त्या मूर्तींकडे वळू.

थायलंडच्या जुन्या कांस्यमूर्ती वरवर सारख्या दिसतात. अर्धे मिटलेले डोळे, लांब कान, बहुधा उजवा हात भूमीकडे. ओतण्याची रीतही आपल्या ओळखीचीच. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचा लेप द्यायचा, भाजून मेण काढायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त हीच रीत सांगितली आहे.

पण नीट पाहिले की प्रांत बोलू लागतो. द्वारावतीच्या मोन लोकांचा बुद्ध रुंद चेहऱ्याचा, जाड ओठांचा आणि जुळलेल्या भुवयांचा. त्यात गुप्तकलेची छाप दिसते. लोपबुरीवर ख्मेर सत्तेचा प्रभाव, म्हणून तिथला चेहरा चौकोनी आणि बुद्ध अनेकदा नागाच्या वेटोळ्यावर बसलेला.

आमचे मन मात्र सुखोथाईवर जडले. तेराव्या ते पंधराव्या शतकातील या कारागिरांनी मस्तकावरची ज्वाला श्रीलंकेकडून घेतली. पण लंबगोल चेहरा, पोपटाच्या चोचीसारखे नाक आणि हत्तीच्या सोंडेसारखा ओघळता हात ही त्यांची खास घडण. चालणारा बुद्ध चहूबाजूंनी मोकळा घडवावा, हे धाडस त्यांचेच.

उत्तरेकडे लान्ना प्रांतात भरदार अंगाचा, गोल चेहऱ्याचा बुद्ध आढळतो. मस्तकावर कमळाची कळी, दोन्ही तळपाय वर, डाव्या खांद्यावरचा पदर आखूड. हे वळण बंगालच्या पालकलेचे. त्यावरून पूर्वीच्या अभ्यासकांनी या मूर्ती सुखोथाईच्याही आधीच्या ठरवल्या होत्या. पुढे १९५७ साली ग्रिसवोल्ड यांनी बैठकीवर कोरलेल्या तिथ्या वाचल्या, तेव्हा त्यांतील बऱ्याच मूर्ती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि नंतरच्या निघाल्या. आम्हां दफ्तर सांभाळणाऱ्यांना याचे विशेष वाटते. नुसत्या चेहऱ्यावरून काळ ठरवला होता, तो बैठकीवरच्या एका ओळीने बदलला!

म्हणूनच बैठकीवाचून सुटे झालेले मस्तक दिवाणखान्यात पाहिले की आम्हांला वाईट वाटते. तिथीची ओळ असलीच, तर ती मागेच राहिलेली असते.

मूर्ती जागेवरून हलवणे नेहमीच वाईट, असेही नाही. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जाळली. पुढे पहिल्या रामा राजाने ओसाड शहरांतून बाराशेहून अधिक मूर्ती बँकॉकला आणवल्या, डागडुजी करून देवळांत बसवल्या. त्यांतल्या कितीतरी आजही वाट फोच्या ओवऱ्यांत ओळीने बसल्या आहेत. सोन्याच्या मुलाम्याखाली सगळ्या एकाच घरच्या वाटतात. मूळ गाव शोधायचे तर नाक, पदर आणि मस्तकावरची ज्वाला की कळी, एवढेच पाहायचे.