लालपत्ती: पानं गळाली म्हणजे झाड मेलं का?

आजचा भाग एका झुडपाचा. नर्सरीवाले त्याला लालपत्ती म्हणतात, इंग्रजी नाव पॉइन्सेटिया. डिसेंबरात लाल दिसतात ती फुलं नाहीत बरं का, पानंच आहेत. खरी फुलं मधोमध, बारीक पिवळी.

2016 चा उन्हाळा. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, साधारण पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा आमच्या अंगणातली लालपत्ती पार उघडी पडली होती, नुसत्या काड्या. बाबा म्हणाले, उपटून टाकू. आजीनं काड्या छाटल्या आणि म्हणाली, "राहू दे रे, पाणी मागत नाही ती." पावसाळ्यात पालवी फुटली!

आजीला मेक्सिको माहीत नव्हतं, पण ती बरोबर होती. हे झुडूप मूळचं मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या पानगळीच्या जंगलातलं. कोरड्या दिवसांत पानं टाकायची आणि ओल वाचवायची. आझ्टेक लोक याला क्वेत्लाशोचित्ल म्हणत, लाल पानांपासून रंग काढत. 1825 मध्ये जोएल पॉइन्सेट अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून तिथं गेला. त्यानं झुडूप मायदेशी पाठवलं, 1829 ला ते फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात झळकलं. त्याची राजकारणातली ढवळाढवळ इतकी, की मेक्सिकोनं त्याला परत बोलवायला लावलं. नकोसा झालेला माणूस, आणि इंग्रजीत झाडाला नाव त्याचंच! मेक्सिकोत मात्र आजही 'नोचेबुएना', म्हणजे नाताळची पूर्वरात्र.

पुढे अमेरिकेत ती ख्रिसमसची कुंडी झाली. सण संपला, कुंडी कचऱ्यात. आपल्याकडेही पानं गळाली की लोक घाबरून पाणी ओततात, मग मुळं कुजतात. पानगळीत माती कोरडी होऊ द्यायची, एवढंच.

जागा? सकाळचं ऊन, दुपारी कडुनिंबाची सावली. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात कोवळी पानं करपतात, आणि दाट सावलीत रंगच भरत नाही. छाटताना पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.

अजून एक भानगड. लाल व्हायला लांब, सलग अंधाऱ्या रात्री लागतात. नांदेडला मावशीची लालपत्ती दोन हिवाळे हिरवीच राहिली. खत बदललं, माती बदलली. शेवटी कळलं, रस्त्यावरचा दिवा थेट तिच्यावर पडायचा. कुंडी मागच्या दारी नेली, आणि जानेवारीत मावशीचा फोटो आला, लालभडक.