दोनशे डॉलरचा आवाज

सर हायरम मॅक्झिम म्हातारपणी जवळजवळ ठार बहिरे झाले होते, आणि ते बहिरेपण त्यांची स्वतःची कमाई होती. 1884 साली त्यांनी पहिली खरी स्वयंचलित मशीनगन बांधली. पुढे कितीतरी वर्षं ती राजांना आणि सेनापतींना स्वतः चालवून दाखवली. त्या धंद्यात पैसा मिळाला, किताब मिळाला, आणि कान गेले.

मी कानांचीच माणूस. कुडाळजवळच्या गावातून वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकायला आले, तिथून अमेरिकेत, आणि आता टेक्सासच्या हिल कंट्री भागात ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. समोर बसलेल्या म्हाताऱ्याचा ऑडिओग्राम पाहून मी पुष्कळदा न विचारताच सांगते, की बाबा, तुम्ही रायफल उजव्या खांद्याला लावता. आलेख चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडलेला असतो, आणि डाव्या कानाचा खड्डा जास्त खोल. रायफल उजव्या खांद्याला टेकवली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो; उजव्याला डोक्याची आड मिळते. म्हातारे चकित होतात. त्यात जादू काही नाही, इकडे निम्म्या गावाचे आलेख तसेच आहेत.

म्हणून मशीनगनवाल्या बापापेक्षा मला आवाज दाबणाऱ्या त्याच्या मुलात जास्त रस. हायरम पर्सी मॅक्झिम 1869 साली जन्मला, कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला मोटारी बनवण्यात रमला, पुढे हॅम रेडिओवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढे होता. एका जन्मात एकच छंद पुरणारा माणूस नव्हे. अंघोळीच्या टबातलं पाणी भोवरा करून मोरीत जाताना पाहिलं आणि कल्पना सुचली, असं तो सांगे. गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यामागून तापलेले वायू प्रचंड दाबाने एकदम बाहेर फुटतात. तो कडाका बंदुकीचा. त्या वायूंना बाहेर पडण्याआधी फिरवलं, अडवलं, थोडं थंड होऊ दिलं, तर? 30 मार्च 1909 रोजी त्याला या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. हेच तंत्र त्याने इंजिनांनाही लावलं, आणि पुढे त्याच्या कंपनीचा पसारा कारखान्यांचे आणि इंजिनांचे आवाज दाबण्यातच वाढला.

त्या काळचं मॅक्झिम सायलेन्सर हे शिकाऱ्यांच्या मासिकांत जाहिरात करून टपालाने विकलं जाणारं सामान होतं. थोड्या डॉलरची मनिऑर्डर पाठवायची, खोकं घरी यायचं. ना परवाना, ना नोंद. विकणाऱ्याचा सूर सभ्यपणाचा असे: शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही, घराच्या तळघरातही नेमबाजीचा सराव करता येईल, खांद्याला धक्का कमी बसेल. थिओडोर रूझवेल्टसारख्या माजी राष्ट्राध्यक्षाने आपल्या विंचेस्टर रायफलवर हे बसवून घेतलं होतं.

पहिला मोठा आक्षेप आला तो रानातल्या जनावरांच्या कैवाऱ्यांकडून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नेडे यांनी शिकारीत सायलेन्सर वापरायला बंदी घाला, असा धोशा लावला. आवाज होत नसेल तर चोरटी शिकार पकडायची कशी, हा त्यांचा मुद्दा. माणूस गमतीदार, तरुणपणी हेच गृहस्थ आपल्याकडे अनमलाईच्या जंगलात हत्ती आणि वाघ मारत हिंडले होते, अमेरिकेतल्या संग्रहालयांसाठी. पण त्यांचा प्रश्न फुसका नव्हता. त्या सुमारास काही राज्यांनी बंदी घातलीही.

खरी कलाटणी मात्र 1934 साली मिळाली, आणि तिचा शिकारीशी संबंध फारच थोडा. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्या, 1929 चं शिकागोतलं व्हॅलेंटाइन दिवसाचं हत्याकांड, 1933 च्या फेब्रुवारीत मायामीला फ्रँकलिन रूझवेल्टवर झाडलेल्या गोळ्या, या सगळ्याने लोक धास्तावले होते. अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी कायदा आणला. सरळ बंदी घालायला केंद्र सरकारचा हात पोचत नव्हता, म्हणून कराची वाट धरली. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्या प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंद. मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. ती विरोधामुळे गळली. सायलेन्सर यादीत होतं, आणि राहून गेलं. समितीपुढच्या सुनावण्यांत मशीनगनवर आणि पिस्तुलांवर पानंच्या पानं भरली. सायलेन्सरबद्दल जवळपास काहीच नाही. मंदीत उपाशी माणसं चोरून हरणं मारतील या भीतीने ते घातलं, असं इकडे दुकानादुकानात छातीठोकपणे सांगतात. मला त्याचा कागदी पुरावा कुठे भेटला नाही, त्यामुळे मी ती गोष्ट चहाबरोबर ऐकते आणि सोडून देते.

दोनशे डॉलर म्हणजे काय, हे तेव्हाच्या माणसाला विचारायला हवं. टोळीवाल्यांची लाडकी थॉमसन मशीनगन साधारण तेवढ्याला पडे. नवी फोर्ड मोटार पाचशे-सहाशेत दारात उभी राहत असे. मशीनगनवर तिच्या किमतीएवढा कर, हा हिशेब समजतो. पण पाच-दहा डॉलरच्या नळकांड्यावर दोनशे? 26 जून 1934 ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने सही केली आणि अंगणात टिनाच्या डब्यांवर नेम धरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती वस्तू संपली.

पुढची पाऊणशे वर्षं सायलेन्सर राहिलं ते मुख्यतः सिनेमात. मारेकरी नळीवर फिरवून बसवतो, ‘फुट्’ असा आवाज येतो, शेजारच्या टेबलावरचा माणूस सूप पीत राहतो. धादांत खोटं. हरणाच्या शिकारीची रायफल नळीपाशी 160 डेसिबलच्या पुढे गर्जते. चांगलं सायलेन्सर त्यातले वीस ते तीस-पस्तीस कमी करतं. उरतात 130 च्या आगेमागे, म्हणजे कानाशी हातोडा मारल्यासारखे. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, तिचा हवेत उठणारा कडाका कुठलंही नळकांडं थांबवू शकत नाही. पण माझ्या धंद्यात 140 ही एका फटक्यात कानाला इजा होण्याची रेषा मानतात. तिच्या वर की खाली, एवढाच माझा प्रश्न. आणि त्या हिशेबाने हे यंत्र माझ्या दवाखान्यातल्या कपाटात शोभलं असतं, ते जाऊन बसलं मशीनगनच्या ओळीत.

1968 साली कायद्याची फेररचना झाली तेव्हा सरकारने नोव्हेंबरात महिनाभर माफी दिली: घरात बिननोंदीचं काही असेल तर आता नोंदवा, विचारपूस नाही. ज्यांनी नोंदवलं ते सुटले. ज्यांच्या माळ्यावर आजोबांचं मॅक्झिम जुन्या गाद्यांखाली पडून राहिलं, त्यांना दार कायमचं बंद झालं. बिननोंदीचं सायलेन्सर आज सापडलं तर मागाहून नोंदवता येत नाही. ते जवळ असणं हाच गुन्हा. नोंद झालेलं असेल तर मात्र वारसाला ते कर न भरता मिळतं, वेगळ्या फॉर्मवर.

वारसाचा कागद मला नवा नव्हता. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षण परवान्यावरची. ती वडिलांच्या नावावर होईपर्यंत तहसील, पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी कार्यालय असे फेरे आईने मोजून काढले. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत आणायची. आजोबा मांगरातून बार काढत ते भाताच्या खाचरात शिरलेल्या रानडुकरांसाठी. त्यांचं म्हणणं, ‘डुकर मेलो नाय तरी चलात, पण भियाक व्हयो.’ त्यांच्या बंदुकीचं निम्मं काम आवाजच करायचा. तिथे सायलेन्सर लावायचा विचार कुणाला सुचला असता तर आजोबांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि भारतात ते साधन सामान्य परवान्यावर मिळतही नाही. शिकार तर वन्यजीव कायद्याने बंदच.

टेक्सासमध्येही पिकांचा वैरी रानडुक्करच, फक्त त्याचा कळप मोठा आणि माणसाचा इरादा वेगळा. इकडे कळप घाबरवून शेजाऱ्याच्या शेतात धाडला तर शेजारी बोलणं टाकतो. पहिल्या बाराने कळप उधळला नाही तर दुसरा, तिसरा साधतो, म्हणून डुकरांच्या मागे लागणारे लोक सायलेन्सरसाठी आधीपासून आसुसलेले. हरणासारख्या संरक्षित शिकारीसाठी मात्र टेक्सासने 2012 साली परवानगी दिली. त्याआधी डुकराला चालायचं, हरणाला नाही.

आमच्याही जमिनीच्या तुकड्यावर डुकरं यायला लागली तेव्हा मी कागदपत्रांत उतरले. एच-वन-बी व्हिसावर होते तोवर तर प्रश्नच नव्हता. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला कायद्याने मनाई आहे, शिकारीचा परवाना काढला असेल तर सवलत. आपले कितीतरी लोक हे न कळता मित्राबरोबर हौसेने नेमबाजीच्या मैदानावर जातात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. ग्रीन कार्ड झाल्यावर वाट मोकळी झाली. वय एकवीस पुरं, आपण राहतो त्याच राज्यातला खास परवान्याचा दुकानदार, मग हस्तांतराचा अर्ज म्हणजे फॉर्म 4, दोन्ही हातांचे ठसे, पासपोर्टसारखा फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, आणि तेव्हा दोनशे डॉलर कर. कागद जातो वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला. पैसे भरलेली वस्तू तोवर दुकानदाराच्या कुलुपात. जाऊन पाहता येते, घरी आणता येत नाही. मंजुरी आली की त्यावर खरंखुरं महसुली तिकीट असे, तेही दोनशेचंच.

आधी अर्जावर स्थानिक पोलीसप्रमुखाची सहीसुद्धा लागे, आणि काही प्रमुख ती देतच नसत. म्हणून लोकांनी वकील गाठून ट्रस्ट काढले. ट्रस्टच्या नावाने अर्ज केला की सही टळत असे. आपल्याला ट्रस्ट म्हटलं की देवस्थान आठवतं. इथे एका नळकांड्यासाठी विश्वस्त मंडळ, बायको सचिव आणि मेव्हणा सदस्य. 2016 च्या जुलैपासून सहीची जागा प्रमुखाला पाठवायच्या नुसत्या प्रतीने घेतली आणि त्या ट्रस्टांची अर्धी गंमत गेली.

या सगळ्या काळात एक गोष्ट कुणी हलवली नाही: दोनशेचा आकडा. कायद्यात महागाईप्रमाणे वाढीची तरतूद नव्हती. 1934 च्या दोनशेंचे आजचे साडेचार हजारांवर होतील, पण पावती दोनशेचीच फाटत राहिली. ज्या कराने वस्तू मारली तोच कर महागाईने बसल्या जागी कुरतडला. चांगल्या रायफलच्या दुर्बिणीपेक्षा तो स्वस्त झाला, आणि लोक रांगेत उभे राहिले. नोंदणीतली सायलेन्सरं 2011 साली तीन लाखांच्या आत होती. 2021 साली 26 लाखांच्या पुढे. कुठल्याही चळवळीने केलं नाही ते डॉलरच्या घसरणीने केलं, असं माझं मत. नवरा याला माझं अर्थशास्त्र म्हणतो.

विरोधकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. 2019 च्या मे महिन्यात व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत बारा जणांना मारणाऱ्याच्या पिस्तुलावर सायलेन्सर होतं. गोळीबार कुठून होतोय हे कळायला आवाज लागतो, हे पोलिसांचं सांगणं मला पटतं. आठ राज्यांत ते बाळगायलाच बंदी आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, म्हणजे जिथे आपली मराठी मंडळं सर्वांत भरभराटीला आलेली आहेत ती बहुतेक. आणि कनेक्टिकटमध्ये, मॅक्झिमच्या गावी, ते बाळगता येतं पण त्यासह शिकार करता येत नाही. उलट नॉर्वेत आणि न्यूझीलंडमध्ये ते जवळपास साध्या सामानासारखं विकलं जातं.

2025 साली वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या मोठ्या विधेयकातून सायलेन्सर यादीतूनच काढायचा घाट घातला होता. पण त्या मार्गाने कराचीच तरतूद बदलता येते, नोंदणीची नाही, असं सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी ठरवलं. म्हणून 4 जुलैला सही झालेल्या कायद्याने नोंदणी ठेवली आणि 1 जानेवारी 2026 पासून कर शून्य केला. आता गंमत अशी, की 1937 साली सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा टिकवला होता तो कर बसवण्याच्या अधिकारावर. कर शून्य असेल तर नोंदणी कशाच्या आधारावर उभी, असं विचारणारे खटले फेडरल न्यायालयांत दाखल झाले आहेत, एक इथे टेक्सासमध्येही.

निकाल काही लागो, फॉर्म 4 आजही भरावा लागतो, ठसे आणि फोटोसकट. माझ्या म्हाताऱ्या पेशंटांपैकी बरेच जण जानेवारीची वाट पाहत होते; आता येताना अर्जाची प्रत आणून दाखवतात आणि विचारतात, मंजुरी आल्यावर कानातले बोळे काढून टाकले तर चालेल ना. चालणार नाही, असं मी सांगते.