ब्रेन ट्यूमर आणि एपिजेनेटिक्स: जनुके ‘चालू-बंद’ होण्याचा गाठीशी काय संबंध?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच असतो. तरीही मेंदूची पेशी वेगळी आणि यकृताची वेगळी असते, कारण कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे ठरवण्यात डीएनएवरील रासायनिक खुणांचा मोठा वाटा असतो. डीएनएची अक्षरे न बदलता या खुणांमध्ये होणाऱ्या बदलांना एपिजेनेटिक बदल म्हणतात.

पेशी का बिघडते?

ग्लायोमा या गाठींच्या एका गटात ‘आयडीएच’ जनुकात बिघाड असतो; तो २००८ मध्ये प्रथम लक्षात आला. त्यामुळे पेशीत २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचे द्रव्य साचते. ते जुन्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमना अडवते. खुणा वाढत जातात आणि पेशी परिपक्व न होता विभागत राहते.

लहान मुलांच्या मेंदूच्या खोडातील अनेक गाठींत उलटे घडते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एच३ प्रथिनात ‘के२७एम’ हा बदल होतो. मग जनुके बंद ठेवणाऱ्या खुणा कमी होतात आणि बंद राहायला हवीत अशी जनुके चालू होतात.

उपचारांशी संबंध

ग्लिओब्लास्टोमा या आक्रमक गाठीवर टेमोझोलोमाइड हे औषध देतात. ते कर्कपेशीच्या डीएनएला इजा करते. पण ‘एमजीएमटी’ हे दुरुस्ती करणारे प्रथिन ती इजा भरून काढते. एमजीएमटी जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल खुणा असतील, तर हे प्रथिन फारसे बनत नाही आणि औषध अधिक परिणामकारक ठरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिएशनसोबत हे औषध घेतलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान अशा खुणा असताना २१.७ महिने, तर नसताना १२.७ महिने होते.

म्हणूनच बायोप्सीच्या अहवालात ‘एमजीएमटी मिथिलेटेड’ किंवा ‘अनमिथिलेटेड’ असा उल्लेख असतो. तो एकटाच रुग्णाचे भवितव्य ठरवत नाही. वय, प्रकृती आणि शस्त्रक्रियेत गाठ किती निघाली, हेही महत्त्वाचे असते.

पुढे काय?

एपिजेनेटिक खुणा पुसता येतात, ही आशेची बाजू. बिघडलेल्या आयडीएच एन्झाइमला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ते सरसकट सर्व ब्रेन ट्यूमरसाठी नाही. आयडीएच बिघाड असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या ठरावीक गाठींसाठी, शस्त्रक्रियेनंतर दिले जाते. त्यामुळे गाठ नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे तपासणे उपचारांची पहिली पायरी ठरते.